पाहुण्या वक्त्यांची वीस मिनिटं

पंचेचाळीसच्या जागी वीस लिहायचं, एवढंच त्याने ठरवलं. माणसाचं वाटोळं व्हायला तेवढं पुरतं.

तो चर्चचा सचिव. पोटापाण्यासाठी बस डेपोत वेळापत्रकं करायचा आणि रविवारी चर्चचे कागद सांभाळायचा. त्या वर्षी लूथरन चर्चचं विभागीय संमेलन त्यांच्या मंडळीकडे, म्हणजे त्यांच्या गावच्या चर्चकडे आलं होतं. आसपासच्या बावीस मंडळ्यांची तीनशे माणसं, वर बिशपसाहेब आणि तीन पाहुणे वक्ते. वक्त्यांना पत्रं पाठवायचं काम सचिवाकडे आणि तीनशे पानांच्या जेवणाचं काम महिला मंडळाकडे. महिला मंडळाची अध्यक्ष म्हणजे सचिवाची बायको. (म्हणजे अख्खं संमेलन एकाच घरातून चालणार होतं, आणि त्या घरात कोणाचं चालतं ते मंडळीतल्या रांगत्या पोरालाही ठाऊक होतं.)

चार वर्षांपूर्वीही संमेलन त्यांच्याकडेच झालं होतं. जेवण एक वाजता ठरलेलं. पहिले वक्ते कॉलेजातले प्रोफेसर होते. मार्टिन लूथरने चर्चच्या दारावर पंच्याण्णव मुद्द्यांचा कागद लावला, ही गोष्ट लूथरन माणूस आईच्या दुधाबरोबर पितो. तरी प्रोफेसरांनी ते पंच्याण्णव मुद्दे एकेक करून समजावून द्यायला घेतले. एकेचाळिसाव्या मुद्द्याला एक वाजला. माणसं जेवायला बसली तेव्हा पावणेचार झाले होते. भाताचा दगड झाला होता आणि मटणावर बोटभर चरबी गोठली होती. जाताना बावीस मंडळ्यांच्या बायका एकमेकींना सांगत गेल्या, "भाषणं छान झाली हो, पण इथल्या बायकांना काही रांधता येत नाही."

बोलणारे पुरुष बोलून मोकळे झाले, आणि नाव कोणाचं गेलं? पहाटे चारला उठून चुलीशी भाजून निघालेल्या बायकांचं. सचिवाची बायको ते वाक्य चार वर्षं उशाशी घेऊन झोपली.

"ऐका," संमेलनाची तारीख ठरली त्याच संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "या वेळी एक म्हणजे एक. एक वाजता गरम ताटं वाढली गेली नाहीत, तर मी मंडळ सोडणार. राजीनामा लिहून चर्चच्या तांदळाच्या डब्यात ठेवलाय. आणि मी चर्चच्या स्वयंपाकघरात गेले नाही, तर घरच्याही जाणार नाही. मग बसा पाव खात."

"अगं, पण वक्ते थांबलेच नाहीत तर? त्यांच्या तोंडावर हात ठेवू?"

"ठेवा. धुऊन ठेवा."

प्रोफेसर या वेळीही होते. त्यांचं नाव बिशपसाहेबांनीच घातलं होतं, तिथे कोण बोलणार? सचिव पत्रं लिहायला बसला. कार्यक्रमात प्रत्येक वक्त्याला पंचेचाळीस मिनिटं होती. पण डेपोत वीस वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळलेली असते. नऊच्या गाडीच्या ड्रायव्हरला साडेआठ सांगितलं, तरच तो नऊला उगवतो. वक्त्याचंही तसंच असणार. वीस लिहिलं की पंचेचाळीसला थांबेल. सचिवाने तिन्ही पत्रांत वीस लिहिलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन दोन कप चहा प्यायला. (दुसरा त्याचा त्यालाच करावा लागला.)

संमेलनाचा दिवस उजाडला. हॉल खचाखच भरला. प्रार्थना झाली, गीत झालं, बिशपसाहेबांचं स्वागत झालं. पावणेदहाला प्रोफेसर उठले. बायांनी पर्समधून विणकाम बाहेर काढलं. पुरुषांनी पाय लांब केले. माणसं तयारीनेच आली होती.

प्रोफेसरांनी घड्याळ काढून समोर ठेवलं, छाती भरून श्वास घेतला आणि सुटले. पंच्याण्णवच्या पंच्याण्णव मुद्दे! एकेकाला मोजून चार सेकंद. मधे एकदाच, बासष्टाव्या मुद्द्याला, पाण्याचा घोट घेतला. साडेसहा मिनिटांत पंच्याण्णवावा मुद्दा टेकवून, घाम पुसत, धापा टाकत ते खाली बसले आणि शाळेत कविता म्हणून आलेल्या पोरासारखे सचिवाकडे बघायला लागले. हॉलमध्ये कोणी हललं नाही. एकीचा तर अजून सुईवर पहिला टाकाही घालून झाला नव्हता.

दुसऱ्या वक्त्या इस्पितळातल्या मेट्रनबाई. 'सेवा' या विषयावर बोलल्या. सेवा करा म्हणाल्या, कशी करायची ते सांगितलं आणि बसल्या. सहा मिनिटं.

तिसरे एक निवृत्त पाळक होते, आयुष्यभर चर्चमध्ये उपदेश केलेले, वय ऐंशीच्या पुढे. ते सावकाश उठले, काठी टेकली आणि म्हणाले, "लूथरसाहेबांच्या लहान प्रश्नोत्तरीत देवाच्या प्रत्येक आज्ञेनंतर एकच विचारलंय, याचा अर्थ काय? अर्थ तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. माझा वेळ संपला. आमेन."

आमेन ऐकल्याबरोबर तीनशे माणसं सवयीने "आमेन" म्हणून उभी राहिली. मग इकडेतिकडे बघत पुन्हा बसली. घड्याळात दहा वाजून दोन मिनिटं झाली होती.

 सचिव वाकून आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानाशी लागला. "साहेब, हे काय झालं?"

"झकास झालं! तुमची युक्ती मला कळली बरं का. पत्रांवर सही करताना वीस बघितलं. पण म्हटलं, वीस लिहिलं तर हे लोक तासभर सोडायचे नाहीत. म्हणून मी तिघांनाही फोन करून दहा सांगितलं."

"दहा? मग हे सहातच कसे आटपले?"

मागच्या बाकावरून मेट्रनबाईंनी डोकं पुढे काढलं. "सकाळी नाश्ता द्यायला तुमच्या मिसेस आल्या होत्या. त्या म्हणाल्या, सात मिनिटांच्या वर एक शब्द नको. कांदे चिरता चिरता उठून आल्या होत्या. हातात ही एवढी सुरी! मी इस्पितळात तीस वर्षं काढली, पण अशी सुरी बघितली नाही."

म्हणजे तिघांनी तीन जागी कात्री लावली, आणि एकानेही दुसऱ्याला सांगितलं नाही. सांगणार तरी कशाला? वक्ता दिलेल्या वेळेत थांबेल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. लूथरसाहेबांपासून आजपर्यंत तसं कधी झालंच नव्हतं.

"आता पुढे काय, सचिव?" बिशपसाहेबांनी व्यासपीठावरून विचारलं.

"चहा, साहेब!" सचिवाच्या तोंडातून निघालं, आणि तो स्वयंपाकघराकडे पळत सुटला.

तिथे अकरा बायका जमिनीवर बसून चिरत, निवडत, वाटत होत्या. बायको पातेल्याशी उभी होती.

"अगं, जेवण कधी होईल?"

"एकला."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी कच्चं मिळेल. का?"

"भाषणं संपली."

"कोणाची?"

"सगळ्यांची."

अकराही जणींचे हात एकदम थांबले. सचिवाची बहीण तिथेच लसूण सोलत होती. ती म्हणाली, "दादा, आत्ता कुठे दहा वाजलेत. ते मटण अजून बकराच आहे."

"तूच त्यांना सात मिनिटं सांगितलीस!" सचिव बायकोला म्हणाला.

"मी सांगितलं म्हणून लगेच ऐकायचं? तुम्ही ऐकता का कधी?" बायकोने पळी पातेल्यावर आपटली. "आता तीनशे माणसं इथे येऊन दारात उभी राहतील. म्हणतील, मागच्या खेपेला थंड दिलं, या खेपेला कच्चं देतायत. बावीस मंडळ्यांत पुन्हा तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला. एक वाजेपर्यंत एक माणूस त्या दारातून इकडे यायला नको. काय वाटेल ते करा. नाचा हवं तर."

तिचा आवाज शेवटी जरासा फुटला. पंचवीस वर्षांच्या संसारात सचिवाने तिला ओरडताना रोज ऐकलं होतं, पण आवाज फुटलेला ऐकला नव्हता. तो हॉलकडे वळला.

चहा वेळेआधी मागितला म्हणून निम्मा पाण्यासारखा आला. तो प्यायला लोकांनी अर्धा तास लावला, देव त्यांचं भलं करो. मग सचिवाने गीतं सुरू केली. एरवी पहिलं, दुसरं आणि शेवटचं कडवं म्हणायची पद्धत. त्या दिवशी सगळी कडवी. अकरा कडव्यांचं एक गीत होतं, त्यातली शेवटची चार कोणी जन्मात म्हटली नव्हती. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी सातव्या गीताला हात वर केले. "माझी बोटं म्हणजे काही लाकडं नव्हेत," त्या म्हणाल्या आणि उठून बोटं चोळत बसल्या.

सव्वाअकरा. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ स्वयंपाकघराच्या दिशेने वास घेत उभा राहिला.

 सचिवाची नजर भिंतीजवळच्या कपाटावर गेली, आणि बुडत्याला काडी सापडली. गेल्या तेरा वर्षांच्या सभांची इतिवृत्तं! कोणी काय सुचवलं, कोणी अनुमोदन दिलं, काय मंजूर झालं, सगळं त्याच्याच अक्षरात. त्याने तेराही वह्या उचलून टेबलावर आपटल्या.

"मागील इतिवृत्तांचं वाचन," तो माइकमध्ये म्हणाला. "बसून घ्या."

उभा राहिलेला गृहस्थ बसला. इतिवृत्त चालू असताना उठून जाणं हे लूथरन माणसाला जमत नाही. पाप नाही, पण पापाच्या शेजारचं काहीतरी आहे.

पहिल्या वहीला त्याचा आवाज कापत होता. दुसऱ्या वहीला स्थिरावला. तिसऱ्या वहीत एक ठराव निघाला. हॉलसाठी चाळीस खुर्च्या मागवल्या होत्या, अडतीसच आल्या, आणि उरलेल्या दोन कुठे गेल्या यावर तीन वर्षं सभा झाल्या. ते वाचता वाचता सचिवाला आपलाच आवाज गोड वाटायला लागला. (माइक ही चीज वाईट. दारूला निदान वास तरी येतो.) तो नुसता वाचेना. थांबून समजावून सांगू लागला. सूचकाचं बोलणं जाड आवाजात, अनुमोदकाचं बारीक आवाजात. मधेच हात उडवायला लागला.

इकडे हॉल हळूहळू निजला. आधी विणकामं मांडीवर पडली. मग माना पडल्या. प्रोफेसर तोंड उघडं टाकून घोरत होते. बिशपसाहेबांची हनुवटी छातीला टेकली होती आणि गळ्यातला क्रूस श्वासाबरोबर वरखाली होत होता. सचिवाला वाटलं, लोक डोळे मिटून मन लावून ऐकतायत.

एकला पाच मिनिटं कमी असताना बायको दारात आली. तोंड लाल, पदर खोचलेला, हातात पळी. मागे भाताची वाफ निघत होती. तिने मानेने खूण केली, झालं, आटपा.

सचिवाने तिला एक बोट दाखवलं. एकच मिनिट.

एक वाजला. तिने पळी हलवली. सचिवाने पुन्हा बोट दाखवलं. "तर मंडळी, त्या दोन खुर्च्यांची खरी गंमत पुढच्या वहीत आहे..."

ज्या माणसाने जेवणासाठी तिघांची भाषणं कापली, त्याच्याचमुळे आता जेवण निवायला लागलं होतं! बायको आत शिरली. बाकांच्या मधून सरळ चालत व्यासपीठावर चढली. कांद्याच्या वासाचा अख्खा पंजा तिने माइकवर दाबला, आणि हॉलकडे तोंड करून, माइकबिइक नसताना, छपराला धडकेल एवढ्या आवाजात म्हणाली,

"आमेन!"

"आमेन!" तीनशे माणसं ताडकन उठून उभी राहिली. बिशपसाहेब सगळ्यांच्या आधी.

"हात धुऊन घ्या. ताटं वाढलीत."

एक वाजून दोन मिनिटांनी पहिला घास तोंडात गेला. भात असा मोकळा, की शीत न् शीत वेगळं. मटणाचा रस्सा फुंकून फुंकून खावा लागत होता. चार वर्षांपूर्वी तोंड वाकडं करून गेलेल्या बायका आता रस्सा कसा केला म्हणून विचारायला रांगेत उभ्या होत्या. बिशपसाहेबांनी तीनदा भात घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "संमेलनं पुष्कळ बघितली, पण वेळेवर आणि इतकं गरम जेवण पहिल्यांदाच मिळालं." बायको नुसती "बरं" म्हणाली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने तांदळाच्या डब्यातला राजीनामा काढला आणि पातेलं उतरवायला त्याचीच चिंधी केली. ते बघितलं तेव्हा कुठे सचिवाच्या जिवात जीव आला. तो तिथल्या कांद्याच्या पोत्यावरच बसला. बहिणीने ताट हातात दिलं. सुटलो बाबा, असं म्हणत त्याने पहिला घास घेतला.

इतक्यात ते म्हातारे निवृत्त पाळक काठी टेकत स्वयंपाकघरात आले. चेहरा कसा टवटवीत! गालांवर लाली. त्यांनी सचिवाचा खरकटा हात तसाच दोन्ही हातांत धरला.

"अहो, काय तुमचं ते वाचन! मी आजवर मोठमोठ्या वक्त्यांना ऐकलंय, पण हे काही वेगळंच होतं. त्याचं रेकॉर्डिंग मिळेल का हो?"

सचिवाची छाती फुगली. त्याने बायकोकडे बघितलं. ऐकतेस ना? "म्हणजे, साहेब, ते खुर्च्यांचं प्रकरण तुम्हाला विशेष आवडलं वाटतं?"

"कसल्या खुर्च्या?" म्हातारबुवा म्हणाले. "मला सहा वर्षं झोप लागत नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, काही उपाय राहिला नाही. आज पहिल्या पानालाच लागली ती थेट जेवणापर्यंत. रोज ऐकीन म्हणतो."

बायकोने पातेल्यातून मान वर केली.

"रेकॉर्डिंग कशाला, साहेब?" ती म्हणाली. "यांनाच घेऊन जा. डब्यात भात भरून देते."