बेडूकमाशाचे पाय आणि घोरपडे सरांचा क्लास

एका जंगलात, बाळांनो, एक डबकं होतं आणि डबक्याकाठी एक क्लास होता. आधी डबकं की आधी क्लास, ते कोणालाच सांगता येत नसे.

डबक्यात मंडोदरी नावाची बेडकी राहायची. तिचं पिल्लू टिल्लू, म्हणजे शेपूट हलवत पोहणारा गोल डोक्याचा बेडूकमासा. तो मजेत शेवाळ खायचा. मंडोदरी त्याच्या शेपटीकडे बघत झुरायची. अजून पाय नाहीत!

"आमच्या गजूला केव्हाच कोंब आलेत," शेजारच्या फुगाताई म्हणायच्या. "तुमच्याला नाही? असू दे हो. एखादं असतं तसं."

त्या 'असू दे हो'ने मंडोदरीची झोप उडाली.

एकदा दरड कोसळली. आतून दगड झालेला सांगाडा निघाला. अंगाने मासा, पण परांच्या आत चक्क मनगटाची हाडं!

क्लासवाले घोरपडे सर धावत आले. सर म्हणजे साक्षात घोरपड. धरलं की सोडायचे नाहीत.

"हा तुमचा पूर्वज," सर म्हणाले. "पाण्यातून जमिनीवर पहिलं पाऊल यानं टाकलं. कसं? आईनं वेळेवर क्लास लावला म्हणून."

"पाय फुटायला किती दिवस लागले, सर?"

"लाखो वर्षं."

"अगंबाई! मग आपल्याला उशीरच झाला की!"

झालं. टिल्लू भर उन्हात वाळूवर पडून पावलं टाकायचा सराव करू लागला. त्याचे कल्ले सुकायचे.

"आई, धाप लागते गं."

"सगळ्यांनाच लागते, राजा," ती म्हणायची आणि सरांची नजर चुकवून त्याच्यावर पाणी शिंपडायची. आपण फार कडक आहोत की फार लाडावतोय, तिला कळेना. बहुधा दोन्ही चुकतंय, असं तिला वाटे.

पुढे पलीकडची दरड कोसळली. हा सांगाडा अजस्र. लांबलचक शेपूट आणि कमरेपाशी इवलेसे पाय.

"देवमाशाचा पूर्वज!" सर गरजले. "याचे वाडवडील चार पायांवर चालायचे. मग समुद्रात परत गेले, पाय गाळले, आणि आज जगात सगळ्यात मोठा कोण? देवमासा!"

"पण सर, आत्तापर्यंत तर पाय फुटवायचे…"

"तो जुना अभ्यासक्रम. उद्यापासून पायगाळणी बॅच."

टिल्लू विचारात पडला. "आई, एक पाण्यातून येत होता, एक पाण्यात जात होता. वाटेत भेटले असते, तर काय बोलले असते?"

"तुला किती मार्क पडले, मला किती पडले! चल, बॅच चुकेल."

"चालतच येतो," टिल्लू म्हणाला.

मंडोदरीने खाली पाहिलं. चार पाय. ओले, नाजूक, नवेकोरे.

"झाक आधी!" तिने घाईघाईने कमळाचं पान ओढलं.

तेवढ्यात फुगाताई आल्या. मागे गजू, पायांना शेवाळ गुंडाळलेला.

"आमच्या गजूला फुटलेच नाहीत हो. ते कोंब? सूज होती ती."

टिल्लूने पानाखालून उडी मारली ती थेट पलीकडच्या दगडावर! शेवाळ झटकून गजूही मागोमाग.

मंडोदरीला क्षणभर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तिने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. हे आपल्याला कुठल्या क्लासात फुटले, ते काही केल्या आठवेना.

म्हणून ती सरांना विचारायला गेली.

सरांनी तोवर पाटी बदललीही होती: 'टिल्लू, आमचाच विद्यार्थी! पायफुटी बॅच पुन्हा सुरू.'

मंडोदरीने पुढच्या अंड्यांसाठी रांग धरली. टिल्लू उंच उंच उडत होता, "आई, बघ!" म्हणत होता. पण मान वळवली की नंबर जात होता.

तात्पर्य: पाय ज्याचे त्यालाच फुटतात. म्हणूनच क्लास वेळेवर लावावा. नाहीतर श्रेय कोणाला द्यायचं, याचा घोळ होतो.