किसन मुकादमांच्या पोरी

चि. निखिल आणि रेवा,

तुम्ही सुट्टीत कुठलासा जुना लाकडी पूल तिकीट काढून पाहिलात आणि त्याच्यासमोर काढलेला फोटो मला पाठवलात. फोटोच्या मागे विचारलंय, "आजी, तुमच्याकडे असं काही होतं का?" होतं. तिकीट नव्हतं, म्हणून टिकलं नसावं. त्या पुलाबद्दल सांगायचं तर आमच्या शेजारच्या किसन मुकादमांबद्दल सांगावं लागेल, आणि त्यांना ओळखणारी माणसं आता फार उरली नाहीत. म्हणून आजच लिहायला बसले.

कयाधू नदीवरच्या आमच्या सागवानी पुलावरून चालताना मुकादम फळ्यांशी बोलत. हातातली काठी एकेका फळीवर आपटायची, कान द्यायचा आणि निदान सांगायचं. "सुमन बराबर हाय. कमल कुरकुर करून राहिली." एकदा त्यांनी नव्या तलाठ्याला अडवलं, "सायब, शांतावर येवढ्या जोरानं पाय देऊ नका." तलाठी घाबरून शांताला शोधू लागला.

गावाची रीत अशी होती, की मुलगी लग्न होऊन नदीपार गेली की बापाने पुलाला एक नवी फळी द्यायची, आणि फळीला नाव त्या मुलीचं. बसवायचे मुकादम. निजामाच्या काळात ते रस्त्याच्या कामावर होते. निजाम गेला, नोकरी गेली, पूल काही त्यांनी सोडला नाही. मुलगी कुणाची, कुठल्या आळीची, हे ते विचारत नसत. फळीची लांबी विचारत. पाटलांच्या लेकीची फळी आणि आमच्या बौद्धवाड्यातल्या लेकीची फळी शेजारी शेजारी ठोकलेली असे. गावात एवढी समता तिथेच होती, आणि तीही पायाखाली.

मुकादमांनी स्वतः लग्न केलं नव्हतं. विचारलं तर म्हणत, "येवढ्या पोरी सांभाळून राहिलो, अजून संसार कुठं मांडू?"

सत्तरच्या दशकात शेजारी सिमेंटचा पूल झाला आणि जुना पूल मोडून लाकूड लिलावात काढायचं ठरलं. मुकादमांचं जेवणावरून मन उडालं. पूल ऐतिहासिक ठरला तर वाचतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. गावात इंग्रजी जाणणारी शिक्षिका मीच, तेव्हा ते सरपंचांना घेऊन माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आले. पोरींची नावं एकामागून एक सांगू लागले. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, सरकारी अर्जात हे चालत नाही. कुणी राजा, कुणी सरदार हवा. सरपंच लगेच म्हणाले, निजामाचा हत्ती गेला म्हणून लिहा.

"हत्ती कधी गेला? म्या न्हाई पाह्यला," मुकादम म्हणाले.

"सरकारनं तरी कुठं पाह्यला?"

मी हत्ती लिहिला. वर अंबारी, मागे घोडे. व्याकरणाची एकही चूक नव्हती.

पाहणीला सरकारी साहेब आले. मुकादमांनी त्यांना फळी फळीची ओळख करून दिली. साहेबांनी त्यातलं अक्षरही टिपलं नाही. मग उत्तर आलं. पुलावरून हत्ती गेल्याचं अर्जदारच मान्य करतात, एवढ्या वजनाने सांधे खिळखिळे झालेच असणार, सबब पूल धोकादायक असून त्वरित पाडावा.

मी ते वाचून दाखवलं. मुकादम रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, पोरींची नावं काहून न्हाई लिहिली?"

मी कागदाची घडी करून त्यांच्या हातात दिली.

ठेकेदार आला तेव्हा कळलं, की सरकारी कागदावर फक्त खांब आणि तुळया आहेत. फळ्या गावाने दिलेल्या, त्यांची नोंदच नाही. आणि कागदावर नाही ते त्याला नेता येईना. त्याने फळ्या काठावर रचून ठेवल्या. मुकादमांनी कुणाची तरी बैलगाडी मागून आणली आणि फळ्या पोचवायला निघाले. कुरुंदा, कळमनुरी, डोंगरकडा. दारात गाडी थांबवून म्हणायचे, "लेकी, तुझी फळी आणली." सासरच्यांना वाटे, म्हातारा बिघडलाय. पण त्यातल्या कितीजणींकडे वर्षानुवर्षं माहेरचं कुणी फिरकलं नव्हतं. त्यांनी मुकादमांना जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि माहेरच्या माणसाला द्यायचा तो मान दिला, टॉवेल-टोपी.

ते परतले तेव्हा गाडीत टॉवेलांचा ढीग होता. "डोकं एक अन् टोप्या येवढ्या," म्हणून हसले. मग एका टॉवेलाने तोंड पुसत म्हणाले, "बाई, आजवर मला कुणी पाव्हणा म्हणून बसवलं नव्हतं."

गाडीत एक फळी उरली होती. तुमच्या आईची. ती लग्न करून समुद्रापार गेली होती, आणि तिथवर बैल जात नाहीत. मुकादमांनी फळी आमच्या ओसरीत उतरवली. मी टॉवेल-टोपी पुढे केली, तर त्यांनी हात मागे घेतला. "लेक आली का तिच्या हातानं घेईन."

तुमची आई आली तोवर मुकादम राहिले नव्हते.

कयाधूवर आता त्या पुलाचा एक खांबही नाही. फळी ओसरीत आहे, सात फुटी, अजून सरळ. टॉवेल-टोपी माझ्या ट्रंकेत आहे.