अनुसयाबाईची अमावस्या

सन २०२२. मला एकाहत्तर पुरी झाली होती आणि वडगाव रासाईचं घर सोडून मी शिरूरला धाकट्या मुलाच्या फ्लॅटवर राहायला आलो होतो. हौसेनं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाला धुळीत जाऊ नका, आणि आमच्या गावात धूळ सोडून जायला दुसरी जागा नाही.

पहिल्याच सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर एक बुटकी बाई, पदर कमरेला खोचलेला, काखेत पिशवी. माझ्याकडं न बघता थेट स्वयंपाकघरात गेली. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली, फडकं सोडलं, आणि ओट्यावर एक कप-बशी मांडली. पांढरीशुभ्र, सोनेरी काठाची. आमच्या घरात तसली एकही नव्हती.

म्हटलं, "विकायला आणलंय का?"

"न्हाई. माझा कप हाय. चहाचा."

"का? आमच्यात कप न्हाईत व्हय?"

"हायत की. पण कामाच्या बाईचा कप येगळा असतोय, आबा. कान तुटलेला. खिडकीत पालथा घालून ठेवत्यात. म्हणलं, येगळाच ठेवायचा तर आपणच ठेवावा. पण असा ठेवावा की मालकिणीनं सोताचाच कप उचलून खिडकीत न्यावा."

ही अनुसयाबाई. वय सत्तावन्न. आमच्या सोसायटीत सहा घरची धुणी-भांडी करायची. सहाही घरांत तिचा कप जायचा आणि सहाही घरांच्या बायका त्या कपाकडं बघून गप्प व्हायच्या.

मी तिला पहिल्या दिवशी "ए बाई" म्हणून हाक मारली. नळ चालू, भांड्यांचा आवाज, वाटलं ऐकू गेलं नसेल. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारल्यावर तिनं नळ बंद केला आणि म्हणाली, "माझं नाव अनुसया. हाक मोठ्यानं मारली तरी चालंल, पण नावानं मारा." मी चार दिवस हाकच मारली नाही. मी कुणाचं ऐकून घेणारा नाही. पाचव्या दिवशी चष्मा सापडेना, तेव्हा "अनुसयाबाई" म्हणावं लागलं. चष्मा माझ्या कपाळावर होता. ती हसली नाही, एवढं मात्र तिचं मानलं पाहिजे.

सव्वा दहाला ती हात पुसून चहाला बसायची. कुठं? तर डायनिंग टेबलाच्या खुर्चीवर, माझ्या पुढ्यात. आमच्या गावाकडं कामाचं माणूस उंबऱ्याच्या आत टेकत नाही. मी डोळे वटारले.

"खुर्ची मोकळी दिसली," ती म्हणाली.

"मोकळी दिसली म्हणून बसायचं?"

"मग काय, भरलेलीवर बसू?"

हे असलं बोलणं ती दौंडवरून घेऊन आली होती. तिचा नवरा दौंडला रेल्वेत होता, रुळावर काम करायचा, आणि युनियनचा कट्टर माणूस. त्याच्या तोंडचे शब्द हिच्या तोंडात कायमचे बसले होते. आमच्या सूनबाईला, शुभांगीला, दूध करपवायची सवय. करपलेलं पातेलं दिसलं की अनुसयाबाई ते दोन्ही हातांनी वर धरायची, सगळ्या घराला दाखवायची आणि म्हणायची, "निषेध!" मग खाली बसून ते असं घासायची की त्यात तोंड दिसावं.

मी एकदा म्हणालो, "निषेध करायचा आन् घासायचं पण? हे कसलं?"

"निषेध नोंदवायचा असतो, आबा. काम सोडून नोंदवला तर पातेलं वाळतंय. मग दुप्पट घासायला लागतंय. कुणाला? मलाच."

तिला लिहिता येत नव्हतं, पण नोटीस दिल्याशिवाय ती कधी राहिली नाही. उद्या येणार नसेल तर जाताना मोरीच्या कट्ट्यावर तांब्या पालथा घालायची. पालथा तांब्या म्हणजे नोटीस. सहाही घरांना हे पाठ होतं. एकदा शुभांगीनंच धुतलेला तांब्या निथळायला पालथा घातला आणि विसरली. सकाळी उठून बघते तर तांब्या पालथा! बिचारीनं सहा वाजल्यापासून ढीगभर भांडी घासली, फरशी पुसली, आणि बरोबर नऊला बेल वाजली.

"नोटीस होती की तुमची!" शुभांगी रडकुंडीला आली.

अनुसयाबाईनं तांब्या हातात घेऊन सगळीकडून बघितला. "ही माझी न्हाई. ही बनावट नोटीस हाय," म्हणाली, आणि स्वच्छ फरशी बघून खुर्चीवर बसली. "चहा टाका."

तर अशी बाई. भांडण सुरू झालं ते सुट्टीवरून.

दिवाळी झाल्यावर तिनं सहाही घरांत सांगितलं, "महिन्याला दोन सुट्ट्या पाहिजेत. ठरलेल्या. आजारी पडल्याच्या न्हाईत, कुणी मेल्याच्या न्हाईत. नुसत्या सुट्टीच्या." सोसायटीत आणखी पाच बाया कामाला होत्या. त्यांनीही तेच म्हणायला सुरुवात केली. चेअरमन तापले. त्यांचं म्हणणं, ही सगळी अनुसयाबाईची फूस आहे, हिलाच गेटवरून आत सोडायचं बंद करा, बाकीच्या आपोआप गप होतील. रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग ठरली. गेट बंद झालं असतं तर तिची सहाच्या सहा घरं एका दिवसात गेली असती. सत्तावन्नाव्या वर्षी नवीन घर कोण देतंय?

खरं सांगतो, मी चेअरमनच्या बाजूचा होतो. शनिवारी चहाच्या वेळेला मी तिला ऐकवलं. "सुट्टी कशाला लागती ओ? आम्ही उभ्या जन्मात सुट्टी घेतली न्हाई."

ती बशीत चहा ओतत म्हणाली, "आबा, तुमच्याकडं बैलं व्हती?"

मला काय, तेवढंच पाहिजे होतं. "व्हती म्हंजी? चार व्हती. खिलारी. आसपासच्या गावांतनं माणसं बघायला यायची."

"अमावस्येला औत धरायचा?"

"छ्या!" मी खुर्चीवरून पुढं सरकलो. "अमावस्येला बैलाच्या मानंवर जू ठेवायचं न्हाई. बापाच्या बापापासनं. एकदा आमच्या धाकट्या भावानं रानातली ओल उडून घात निघून चालली म्हणून अमावस्येला कुळव जुपला. मी भर रानात जाऊन बैलं सोडली. भाऊ म्हणला, पेरणी लांबंल. म्हणलं लांबू दे, मुकं जनावर हाय, त्याला काय तोंड हाय का मागायला? सहा महिनं बोललो न्हाई त्याच्याशी."

सांगताना माझी छाती फुगली होती. अनुसयाबाईनं शेवटचा घोट घेतला.

"म्हंजी बैलाला महिन्याला एक ठरलेली. न मागता."

"व्हय."

"आन् पोळ्याला पुरणपोळी."

"व्हय."

"मग मला बैलात धरा, आबा. बाई म्हणून जमत नसंल तर."

मी म्हणालो, "बैल येगळा, माणूस येगळा."

"येगळाच की. बैलाला कुणी गेटवरनं माघारी धाडत न्हाई," ती म्हणाली, आणि कप धुवायला उठली.

माझा चहा तसाच राहिला. दिवसभर मी तिला द्यायचं उत्तर शोधत होतो. मला उत्तर सापडलं नाही की माझं डोकं फिरतं. आणि डोकं फिरलं की राग ज्याच्यामुळं फिरलं त्याच्यावर न निघता दुसऱ्या कुणावर तरी निघतो.

रविवारी मुलाची कंपनीत दुसरी पाळी होती, म्हणून घराच्या वतीनं शुभांगीला घेऊन मी मीटिंगला गेलो. प्लास्टिकच्या खुर्च्या, पंचवीस-तीस माणसं. गेटच्या बाहेर अनुसयाबाई आणि बाकीच्या पाच जणी उभ्या होत्या. चेअरमननी भाषण केलं आणि म्हणाले, "गेट बंद करायच्या बाजूनं कोण? हात वर करा." भराभरा हात वर जायला लागले.

मी उभा राहिलो. "चेअरमनसायेब, तुम्ही तळेगाव ढमढेऱ्याचं ना?"

"हो काका. का?"

"वडलांची बैलं व्हती?"

"होती. पण आत्ता काय—"

"अमावस्येला औत धरायचं का वडील?"

चेअरमन गडबडले. "नाही. वडील फार कडक होते त्या बाबतीत. पण काका, विषय काय, तुम्ही बोलताय काय?"

"विषय त्योच हाय. बैलाला इसावा देणाऱ्या बापाची पोरं हायत का इथं कुणी, एवढंच बघतोय."

 मग मागून पाबळचे एक शिक्षक उठले. "आमच्यात अमावस्या नाही. आमच्यात सोमवार. महादेवाचा वार, नंदीला जुपत नाहीत."

"सोमवार कुठला?" चेअरमन एकदम चेअरमनपण विसरले. "अख्ख्या तालुक्यात अमावस्या चालते!"

"तुमच्या तळेगावात चालत असेल! आमच्या वाड्यावस्त्यांवर सोमवारी बैलाला हात लावून बघा."

"दर सोमवारी? मग शेती कवा करता?"

झालं. सगळी माणसं उभी. बहुतेक कंपनीत कामाला, सगळ्यांच्या गाड्या चकचकीत, आणि प्रत्येकाच्या मागं कुठं ना कुठं एक गोठा. कुणाचा आजा काय म्हणायचा, कुणाच्या मामानं सोमवारी नांगर धरला आणि फाळच मोडला. अर्धा तास अनुसयाबाईचं नावच नाही. शेवटी शिक्षक आणि चेअरमन दोघंही हट्टाला पेटले. एक म्हणतो अमावस्याच, एक म्हणतो सोमवारच. गेट बंद करायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. शुभांगीनं तेवढ्यात तोडगा काढला. "कामाच्या बायांना सुट्टी महिन्यातली अमावस्या, आणि एक सोमवार. दोन्हींचा मान राहिला."

सगळ्यांना पटलं. चेअरमननी वहीत लिहिलंसुद्धा.

मी गेटवर गेलो. अनुसयाबाईनं पदर सारखा केला आणि बाकीच्या पाच जणींकडं वळून म्हणाली, "मागणी मान्य. चर्चा यशस्वी." मग मला हळूच, "आबा, सोमवारवाल्याला पण चहा पाजा एकदा."

पहिली अमावस्या आली. घरात भांडी कोण घासणार यावर शुभांगी आणि माझा मुलगा वाद घालत होते, म्हणून मी काठी घेऊन बाहेर पडलो आणि पाय मोकळे करत एसटी स्टँडवर गेलो. बघतो तर बाकड्यावर अनुसयाबाई. इस्त्रीची हिरवी साडी, केसाला तेल, मांडीवर डबा. मी तिला असं नीटनेटकं कधी बघितलं नव्हतं.

"कुठं निघाला?"

"दौंडला."

मी शेजारी बसलो. दौंडची गाडी लागली. माणसं चढली, कंडक्टरनं बेल मारली, गाडी गेली. ती जागची हलली नाही.

"गाडी गेली की ओ तुमची."

"जाऊ द्या. दुसरी येतीय."

दुसरीही आली आणि गेली.  

मग तीच बोलली. "दौंडला कुणी न्हाई आता, आबा. मालक जाऊन बरीच वरसं झाली. त्यांना आठवड्याला सुट्टी असायची, युनियननं मिळवून दिलेली. मला नसायची. ते सुट्टीच्या दिवशी अंघोळ करून, धुतलेली कापडं घालून स्टेशनाच्या बाकड्यावर येऊन बसायचे. मी शेवटचं घर उरकून यायची तवर सांज व्हायची. म्हणायचे, अनू, तुला एक दिवस सुटू दे, मग दोघं मिळून जाऊ. कुठं ते कवा बोलले न्हाईत. माझ्या पण ध्यानात न्हाई आलं इचारायचं." तिनं डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "आता मिळाली. सकाळी लवकर उठून बसलीय. सुट्टीत काय करत्यात ओ?"

 आमच्या अमावस्येला बैलं गोठ्यात उभी असायची, मी पारावर बसायचो, आणि माझी बायको हौसा दिवसभर रांधत असायची, कारण सगळे बाप्ये घरी. तिच्या मानंवरचं जू काढायचं मला कधी सुचलं नाही. तीही गेली.

 तिनं डबा माझ्यापुढं केला. आम्ही दोघांनी मेथीची भाजी आणि भाकरी खाल्ली. तिसरी गाडी गेल्यावर ती उठली. "भांडी लई पडली असतील का ओ तुमच्यात?" म्हणाली.

"पडू द्या," मी म्हणालो. "आज भांड्यांनी तुमच्याकडं बघायचं न्हाई."

ती हसली आणि घरी गेली. घरात एकटीच होती ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ती कामाला यायच्या आधीच, मी एसटी स्टँडवर गेलो आणि चौकशीच्या खिडकीपुढं रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आल्यावर आतल्यानं विचारलं, "आबा, कुठं जायचंय?"

"ते अजून ठरायचंय," मी म्हणालो, आणि खिशातून वही-पेन्सिल काढली. "सकाळी जाऊन सांजच्याला परत आणणाऱ्या जेवढ्या गाड्या असतील, तेवढ्या सगळ्या सांग. सावकाश सांग, मला लिहून घ्यायचंय."