एकशेचाळीसला बांगडा बंद

डहाणूच्या बाजारात हिराकाकी खारे बांगडे विकतात, पण आधी गिऱ्हाइकाचं प्रेशर मोजतात. वरचा आकडा एकशेचाळीसला किंवा खालचा नव्वदला पोचला, की टोपली झाकली जाते.

काकी चिंचणीच्या. टोपल्यांमागे भिंतीशी एक उलटा क्रेट आहे. त्यावर पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं. मासळीबाजारात गप्प बसलेला माणूस दिसला, की तो काकींचं गिऱ्हाईक समजावा. तलासरीचे एक गुरुजी दंडाला पट्टा बांधल्यावर भाव करू लागले. काकींनी पट्टा सोडला आणि पाच मिनिटं पहिल्यापासून मोजली.

आकडा चढा निघाला, की दोन दिवसांनी पुन्हा बोलावतात. तेव्हाही चढाच असेल तर दवाखान्यात धाडतात, आणि मासळीसाठी शेजारणीकडे. शेजारीण ताजी मासळी विकते. तुझ्या मशीनला मीच हार घालीन, असं ती काकींना चिडवते.

गेल्या महिन्यात माझा आकडा एकशेतीस आला. बांगडे पिशवीत पडले. त्या खुशीत मी प्रेशरच्या गोळ्या बंद केल्याचं सांगून टाकलं. पट्टी नुसतीच बॅगेत असते म्हणालो. काकींनी बांगडे परत काढून घेतले.

"अजून गोळीचा असर आहे. तुझी हुशारी नाय ती."

मला काहीच त्रास नाही, डोकंसुद्धा दुखत नाही, असं मी बजावलं.

"त्यांचं पण नव्हतं दुखत," त्या म्हणाल्या. कोणाचं, ते सांगितलं नाही.

त्या दिवशी मशीन क्रेटवरच राहिलं. मी ते चिंचणीला घरी नेऊन दिलं. ओटीवर काकींचे यजमान डाव्या हाताने जेवत होते. पूर्वी ते मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते. बरं वाटतं म्हणून गोळ्या सोडल्या, आणि झटक्यात उजवं अंग गेलं. समोर काकींचं ताट. दोघांचं कालवण एकच. मलाही वाढलं, जवळजवळ अळणी होतं. तुम्ही वरून मीठ का घेत नाही, असं मी काकींना विचारलं.

"माझ्या ताटात मीठ दिसलं, की ह्यांचा चालता हात तिकडंच येतो."

यजमान अर्ध्या चेहऱ्याने हसले.

"आजची गोळी घे," काकी मला म्हणाल्या. "उद्या डॉक्टरला गाठ."

मी बॅगेतून पट्टी काढली. यजमानांनी चालत्या हाताने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.