रुखवतातलं धरण

जीवराम वारके यांच्या कन्येचं लग्न एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या पोळ्याला ठरलं आणि ते मार्गशीर्षात करावं असं सर्वानुमते निश्चित झालं. मधल्या काळात पत्रिका, आचारी, वाजंत्री, आहेराची लुगडी अशी किरकोळ कामं होतीच. पण त्यांची दखल या हकिकतीत घेण्याचं कारण नाही, कारण ती जीवरामभाऊंनीही घेतली नव्हती.

जीवरामभाऊ मूळचे यावल तालुक्यातले. नोकरीनिमित्त धुळ्याला, पाटबंधाऱ्याच्या एका कचेरीत आरेखक होते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी बरीच धरणं काढली होती. काढली म्हणजे कागदावर. नकाशा वरच्या कचेरीत जाई, तिथून आणखी वरच्या कचेरीत जाई, आणि काही वर्षांनी ते त्या गावावरून एस.टी.नं गेले, की नियोजित भिंतीच्या जागी जी बाभूळ होती ती तिथेच दिसे, फक्त थोडी उंच झालेली. याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. धरण होणं न होणं हा धोरणात्मक भाग असतो, असं ते घरी समजावून सांगत.

सोयरीक जमली ती फैजपूरच्या बन्सीलाल चौधरींकडे. घरची केळीची बाग, मुलगा गोकुळ बागेतच लक्ष घालणारा. मंडळी पुरोगामी होती. देण्याघेण्याचा विषय निघताच बन्सीलालांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. त्यांच्या पत्नी झुंबरबाई मात्र पोह्यांची बशी पुढे सरकवत म्हणाल्या, "आमाले काही नको, भाऊ. फक्त रुखवत जरा पाहण्यासारखं असू द्या. मोठ्या सुनेच्या रुखवतात ताजमहाल होता. आगपेटीच्या काड्यांचा. लोक आठ दिवस पाहायला येत होते. आणि सगळं पोरीच्या हातचं!"

लग्नाच्या रुखवतात कबर कशी काय मांडली, हे विचारण्याचं त्या वेळी कुणालाच सुचलं नाही. जीवरामभाऊंना तर नाहीच. ते परतीच्या एस.टी.त डोळे मिटून बसले होते. गाडी पारोळ्याला थांबली, तोवर धरणाची जागा ठरली होती. मधली खोली.

वास्तविक, मुलीचं रुखवत तयार होतं. दोन वर्षं कॉलेज सांभाळून तिनं मण्यांचं तोरण ओवलं होतं, लोकरीची बदकं विणली होती, सुपाऱ्यांना मुंडावळ्या बांधून नवरा-नवरी केले होते, टॉवेलांचे हंस वळले होते. जीवरामभाऊंनी त्या सर्वांची तांत्रिक छाननी केली. हंसाला पाया नव्हता. बदकं प्रमाणात नव्हती. नवरा-नवरी गडगडत होते. तीन पिशव्यांत भरून ते सगळं माळ्यावर गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मधल्या खोलीतली कपाटं, पलंग आणि शिवणयंत्र यांना जागा खाली करण्याची तोंडी नोटीस मिळाली.

"आबा, एक विचारायचं होतं," मुलगी पलंगाचं एक टोक धरता धरता म्हणाली. "माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष आहे. लग्नानंतर परीक्षा देऊ द्या, असं त्या लोकांना सांगाल का?"

"सांगू की. आधी प्रकल्प मार्गी लागू दे."

"प्रकल्प म्हणजे लग्न ना?"

"लग्न काय, ते होतंच," जीवरामभाऊ म्हणाले. "इकडून उचल जरा."

लाकडी पाट जोडून त्यावर थर्मोकोलचे डोंगर उभे राहिले. डोंगरांवर प्लॅस्टर चढलं, प्लॅस्टरवर रंग चढला. लाभक्षेत्रात हिरव्या घोटीव कागदाची केळीची बाग लागली. सलाईनच्या नळ्या डोंगरांच्या पोटातून फिरवून कालवे काढले, आणि सायकलच्या डायनामोवर वीजघराचा दिवा लागेल अशी व्यवस्था झाली. कचेरीतला शिपाई हिलाल रोज संध्याकाळी मदतीला येई. तो साक्रीकडचा, हाताचा गुणी आणि जिभेचा मोकळा.

दिवाळीच्या सुमारास असं आढळून आलं, की पाण्याचा साठा मूळ अंदाजापेक्षा जास्त होतो आहे. कागदावर अशा वेळी साठा कमी दाखवता येतो. पाटावर ते जमेना. तांत्रिक कारणास्तव जलाशयाचं एक टोक दार ओलांडून स्वयंपाकघरात न्यावं लागलं.

"आता मी सैपाक कुठी करू?" द्रौपदाबाईंनी कमरेवर हात ठेवून नवऱ्याला विचारलं.

"तुमचं पुनर्वसन होईल."

"कधी?"

"प्रकल्प पूर्ण झाल्यावर."

"आन् तोवर?"

"तोवर मागचा ओटा आहेच की. हवेशीर आहे."

द्रौपदाबाईंनी स्टोव्ह उचलला. मुलगीही पुस्तकं घेऊन त्यांच्या मागे ओट्यावर गेली. एक दिवस ती आत येऊन डोंगर कौतुकानं पाहत होती, तेव्हा तिचा अंगठा ओल्या प्लॅस्टरवर टेकला आणि दरीत एक खड्डा पडला. जीवरामभाऊ ओरडले नाहीत. ते फक्त म्हणाले, की यापुढे संबंधित नसलेल्या व्यक्तींनी खोलीत येऊ नये.

"माझंच रुखवत आहे ना, आबा?"

"म्हणूनच सांगतो. खराब झालं तर नाव तुझंच जाईल."

ज्या दिवशी पहिल्यांदा पाणी अडवलं, त्या दिवशी हिलाल बराच वेळ भिंतीखाली बोट फिरवत उकिडवा बसला होता. बोट कोरडंच राहिलं. "भाऊसाहेब," तो दबक्या आवाजात म्हणाला, "आपला पाटबंधारे खातानं धरन शे, नि गळत नई! हाई काय इपरीत?" जीवरामभाऊंनी झडप उघडली. पाणी कालव्यातून वळत वळत शेवटच्या केळीपर्यंत गेलं. वीजघराचा दिवा लागला. जीवरामभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी तोंड बाजूला करून टिपलं. लाभक्षेत्रात खारं पाणी नको.

मुलीनं त्या रात्री जेवताना परीक्षेचं पुन्हा काढलं. ते नळीच्या उतारावर बोलत राहिले.

मग पाटी आली. पाटीशिवाय रुखवत पुरं होत नाही. हिलालनं निळ्या रंगात वळणदार अक्षरांत लिहिलं: 'जीवराम वारके यांच्या कन्येने स्वहस्ते केलेले'.

मुलीनं ती दारातूनच वाचली. "आबा, मी तर आतसुद्धा येत नाही."

"कोनशिलेवर मंत्र्याचं नाव असतं," जीवरामभाऊ शांतपणे म्हणाले. "त्यांनी कधी घमेलं उचललेलं पाहिलंस?"

लग्न आठवड्यावर आलं, तेव्हा धरण उचलून गावातल्या मंगल कार्यालयात न्यायचं ठरलं. चौघांनी ते उचललं आणि दारापाशी आल्यावर परत खाली ठेवलं. दार लहान होतं, किंवा धरण मोठं होतं. आरेखकाच्या घरात असं का व्हावं, हे द्रौपदाबाईंनी विचारलं. जीवरामभाऊंनी तो प्रश्न कार्यकक्षेबाहेरचा ठरवला. घर सरकारी होतं, त्यामुळे चौकट काढण्याची परवानगी मागावी लागली. विनंती तत्त्वतः मान्य असून ती विचाराधीन असल्याचं कळलं. 'तत्त्वतः' या शब्दाचा अर्थ जीवरामभाऊंइतका धुळ्यात कुणाला ठाऊक नव्हता. त्यांनी सरळ कार्यालय रद्द केलं आणि मांडव कर्मचारी वसाहतीतच, आपल्या दारापुढे घातला. धरण लग्नाला जाऊ शकत नसेल, तर लग्नानं धरणापाशी यावं, हे रास्तच होतं.

लग्नाच्या दिवशी मंगलाष्टकं सुरू झाली, तेव्हा मांडवात नवरा, नवरी, भटजी, वाजंत्री आणि द्रौपदाबाई एवढीच मंडळी होती. बाकीचं वऱ्हाड मधल्या खोलीत आणि खोलीच्या खिडक्यांना होतं. जीवरामभाऊ झडप उघडत होते, मिटत होते. बाहेरून "सावधान" ऐकू आलं, तशी लोकांनी हातातल्या अक्षता जवळच्या जवळ जलाशयात टाकल्या.

लग्न लागल्यावर झुंबरबाई सुनेचा हात धरून खोलीत आल्या. पाटी त्यांनी मोठ्यानं वाचली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "का व पोरी, हे इतकं सगळं तू केलं?"

जीवरामभाऊंचा हात झडपेवरच थांबला.

"नाही हो, आई," मुलगी म्हणाली. "आबांनी केलं. मला तर या खोलीत येऊच देत नव्हते."

झुंबरबाईंनी तिच्या गालांवरून बोटं ओवाळून आपल्या कानशिलांवर मोडली. "पाहा बाप्पा, किती नम्र! एवढं करून श्रेय बापाले देते!"

"अशी पोर मिळत नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

आता वास्तविक जीवरामभाऊंचा हेतू सफल झाला होता. पाटीवर होतं तेच लोक मानत होते. पण माणसाचं काही सांगता येत नाही. आयुष्यातलं एकमेव धरण पूर्ण झालं होतं आणि ते दुसऱ्याच्या नावावर चाललं होतं. ते एकदम म्हणाले, "ती खरं सांगते आहे! मीच केलं! हा सांडवा, ही झडप, सगळं माझं आहे. हिलालला विचारा!"

बन्सीलाल पोट धरून हसले. "जीवरामभाऊ, लेकीची नजर काढायची रीत चांगली आहे. पण आमी केळीवाले, आमाले पाटबंधारे शिकवता? चार महिन्यांत धरण पुरं. गळती नाही. आन् पाणी पार शेवटच्या वावरापर्यंत! हे तुमच्या खात्याच्या माणसाचं काम आहे? हे पोरीच्याच हातचं."

हा पुरावा इतका बिनतोड होता, की स्वतः जीवरामभाऊंनाही क्षणभर तो पटला.

धरण अर्थातच फैजपूरला जायचं होतं. दाराची अडचण कानावर येताच बन्सीलालांनी पहार मागवली. "भिंत सरकारची आहे ना? मग झालं तर." विचाराधीन चौकट लोक जेवून हात धुवेपर्यंत निघाली. केळीच्या ट्रकमध्ये केळीचीच पानं अंथरून, गादीवर बाळंतिणीला निजवावं तसं धरण निजवलं. जीवरामभाऊ ट्रकमध्ये चढले, उतरले, पुन्हा चढले. ट्रक हलला, तेव्हा ते त्याच्या मागे धावत सुटले. "हळू घ्या हो! खड्डे सांभाळा! फार नाजूक आहे!" रस्त्याकडेच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बापाचं काळीज, म्हणाल्या.

वसाहतीच्या फाटकापर्यंत धावून ते धापा टाकत परत आले, तेव्हा मांडव रिकामा होता. द्रौपदाबाई एकट्याच पायरीवर बसल्या होत्या.

"पोरगी कुठे आहे?"

"गेली," द्रौपदाबाई म्हणाल्या. "जीप मागच्या रस्त्यानं गेली. थांबली होती ती तुमच्यासाठी. किती वेळ थांबणार?"

जीवरामभाऊ मधल्या खोलीत जाऊन उभे राहिले. खोली फार मोठी वाटत होती, आणि दाराला चौकट नसल्यानं ती लावूनही घेता येईना.

पुढे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगी माहेरी आली. घरोघर झोके बांधले होते, लेकी-बाळींची गाणी चालली होती. जीवरामभाऊ तिला आणायला स्टँडवर गेले. कशी आहेस, तिथे करमतं का, घरातले बरे वागतात का, असं सगळं त्यांनी वाटेत मनाशी जुळवून ठेवलं होतं. ती गाडीतून उतरली आणि त्यांच्या तोंडून शब्द आले, "धरण कसं आहे?"

मुलगी हसली. "बरं आहे. लोक येतात पाहायला. कुणी आलं की हातातलं टाकून मला वीज लावून दाखवावी लागते." मग थोडं चालल्यावर म्हणाली, "नणंदेचं लग्न ठरलंय, आबा. सासूबाई म्हणतात, तिच्या रुखवताला धरण करून दे. याहून मोठं."

जीवरामभाऊ वाटेतच थांबले. "मग तू काय सांगितलंस?"

"करते म्हटलं. नाही म्हणून पाहिलंच होतं की एकदा. कुणी ऐकलं? म्हणून अट घातली. ऑक्टोबरात बी.ए.च्या परीक्षेला बसू द्यायचं, आणि धरणासाठी नि अभ्यासासाठी महिनाभर माहेरी राहू द्यायचं."

"आणि त्या?"

"लगेच हो म्हणाल्या. कलाकार माणसाचं ऐकावं लागतं म्हणे."

हातातली पिशवी जीवरामभाऊंनी या हातातून त्या हातात घेतली. "हे मी विचारायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

"हो," मुलगी म्हणाली. त्यावर तिनं काही सारवासारव केली नाही.

घरी आल्यावर तिनं चहा घेतला आणि सरस कुठे ठेवलाय ते विचारलं. ते ऐकताच द्रौपदाबाईंनी सवयीनं स्टोव्ह उचलला. "तू बस, आई," मुलगी म्हणाली. "या वेळी धरण ओट्यावर जाईल." जीवरामभाऊंनी मान डोलावली आणि पाट बाहेर नेऊन ठेवले. पहिला डोंगर तिनं कापला. तो प्रमाणात नव्हता. जीवरामभाऊंनी पट्टी उचलली, तिच्याकडे पाहिलं आणि पट्टी खाली ठेवली. महिनाभर दोघं ओट्यावर बसत. ती एका हातानं डोंगर लिंपी, दुसऱ्या हातात पुस्तक धरून मोठ्यानं वाची, आणि ते ऐकत. परीक्षेत ती पास झाली. धरण किंचित गळायचं, त्यामुळे नणंदेच्या सासरी ते अधिकच खरं वाटलं.

ही हकिकत खानदेशात बऱ्याच ठिकाणी सांगून झाली आहे. ऐकणारी मंडळी चौकस असतात. नळ्यांचे जोड कशानं बसवले, प्लॅस्टर भिजत कसं नव्हतं, डायनामो कोण फिरवायचं, असं तपशिलात विचारतात. काहींच्या घरी उपवर मुली असतात, ते जीवरामभाऊंचा पत्ताही मागतात. मुलीचं नाव काय, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. ते या गोष्टीत कुठेच आलं नाही, हे तुमच्याही आत्ताच लक्षात आलं असेल.