भूमीआजोबांची आवडती नटी

काओ मिंग-तेला देवाला लाच द्यायची होती, आणि ती काय द्यावी हे त्यानं स्वतःच्या आवडीवरून ठरवलं. गावदेव भूमीआजोबांच्या वाढदिवसाआधी पाच संध्याकाळी देवळापुढे पडदा लावून त्यांना शेन रो-यीचे पाच सिनेमे दाखवायचे, असं तो बोलून बसला. त्याची बायको शिऊ-चिन तेव्हा त्यांच्या खानावळीच्या मागच्या दारी बदकांची पिसं काढत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आजोबांनी मागितले का?"

"त्यांना काय, कुठलाही सिनेमा चालतो."

"मग नेमकी तुमचीच नटी कशी बरी चालतेय?"

मिंग-ते तेवढ्यात पडदावाल्याला गाठायला निघाला. त्याला मान हवा होता. आमच्या गावात आजोबांच्या वाढदिवसाला वर्गणीदारांची नावं पुकारतात आणि एकेकासाठी कौल लावतात. ज्याला ओळीनं सर्वांत जास्त होकार मिळतात तो वर्षाचा मानकरी, आणि देवळातलं धूपपात्र वाजतगाजत त्याच्या घरी जातं. मिंग-तेच्या व्याह्याकडे ते जाऊन आलं होतं. समोरच्या टायरवाल्याकडे तर दोनदा गेलं होतं, आणि दुसऱ्या खेपेला त्यानं "आम्हाला आता सवय झाली हो" असं म्हटलं होतं. तेव्हापासून मिंग-तेला टायरवाल्याचं दुकान उघडं दिसलं तरी जेवण जात नसे.

देवासाठी सिनेमा लावला की बाहेर लाल कागदावर सिनेमाचं आणि देणाऱ्याचं नाव लिहून चिकटवतात. मिंग-तेनं त्याखाली स्वतःचा अभिप्रायही लिहायला सुरुवात केली. आजोबांना आधीच कल्पना असलेली बरी, असं त्याचं म्हणणं.

पहिल्या दिवशी 'मिठागरातली सून'. कागदावर लिहिलं होतं: "शेन रो-यी रडते तेव्हा मीठही गोड लागतं. हा सिनेमा ज्यानं पाहिला नाही त्याचा जन्म फुकट." प्लास्टिकच्या स्टुलांची पहिली रांग देवासाठी मोकळी सोडली होती. बाकीच्या रांगाही मोकळ्याच राहिल्या, त्या मात्र कोणी सोडलेल्या नव्हत्या. प्रेक्षकांत मिंग-ते, एक कुत्रं आणि शेंगा सोलत बसलेली शिऊ-चिन. सिनेमा संपल्यावर शिऊ-चिननं टरफलं गोळा करता करता आपला अभिप्राय दिला: "नवरा पाण्यात बुडतोय आणि ही काठावर केस सारखे करतेय."

मिंग-ते गाभाऱ्यात गेला. चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन लाकडी फोडी त्यानं कपाळाला लावल्या, आणि सिनेमा आवडला का असं विचारून जमिनीवर टाकल्या. एक सपाट बाजूनं आणि एक फुगीर बाजूनं पडली की होकार. दोन्ही फुगीर बाजू वर आल्या. स्वच्छ नकार.

दुसऱ्या दिवशी 'निरोपाचा फलाट' होता. मिंग-तेनं लिहिलं, "पाऊण तास नुसता निरोप, पण डोळे हलत नाहीत." शिऊ-चिन म्हणाली की गाडी वेळेवर सुटली असती तर कोणालाच त्रास झाला नसता. या वेळी दोन्ही सपाट बाजू वर पडल्या, म्हणजे देव हसला. आता ज्या सिनेमात शेवटच्या अर्ध्या तासात तीन माणसं क्षयानं मरतात, त्याला देव का हसला, हे मिंग-तेला काही केल्या उलगडेना.

तिसऱ्या दिवशी 'चंद्रकोरीची तलवार'. "बाईसाहेब शंभर दरोडेखोर कापतात, पण एक केस विस्कटत नाही," असं त्यानं कौतुकानं लिहिलं. "माझे कोबी चिरतानाच विस्कटतात," शिऊ-चिन म्हणाली. नकार. चौथ्या दिवशी 'दोन आया, एक ताप', ज्यात बाविशीची शेन रो-यी तिशीच्या मुलाची आई झाली होती. मिंग-तेच्या मते असा अभिनय पुन्हा होणे नाही. पुन्हा होऊ नये, एवढंच शिऊ-चिनचं मागणं होतं. कौलाला पुन्हा नकार आला, आणि टायरवाला, जो तोवर देवळाकडे फिरकला नव्हता, मुद्दाम उदबत्ती लावायला येऊन हळहळून गेला.

आता गावभर झालं. आजोबांनी काओची लाच नाकारली, त्याचं नाव पुकारताना फोडी उडून डोळ्यात जातील, वगैरे. मिंग-तेची झोप उडाली. मानकरीपण तर दूरच, वाढदिवसाला साऱ्या गावादेखत नाक कापलं जाणार होतं.

"तुम्हाला खरंच कळत नाहीये?" सकाळी भाताला फोडणी देता देता शिऊ-चिन म्हणाली. "गाभाऱ्यात आजोबांच्या शेजारी कोण बसलंय?"

"भूमीआजी."

"शेजारी बायको बसलीये, आणि तुम्ही चार दिवस विचारताय, ही तरणी बाई आवडली का म्हणून. काय सांगतील बिचारे?"

शिऊ-चिननं हे टोमणा म्हणून म्हटलं होतं. मिंग-तेला मात्र ते शब्दशः पटलं आणि तो हातातलं बदक तसंच टाकून देवळाकडे पळाला. देवळाचे पुजारी थू काका भिडस्त माणूस. त्यांना त्यानं पटवलं की आजींच्या झग्याचा काठ उसवलाय आणि वाढदिवसाआधी तो शिवलाच पाहिजे. शिवेपर्यंत आजींना मागच्या खोलीत विश्रांती द्यावी. थू काकांनी आजींना उचललं आणि घडीच्या टेबलांमागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

त्या संध्याकाळी 'धुक्यातली नर्स' लागला. "या नर्सच्या हातून मरण आलं तरी बिल भरीन," असं मिंग-तेनं लिहिलं. शिऊ-चिन आलीच नाही. सिनेमा संपला, फोडी पडल्या. होकार. मिंग-तेचा विश्वास बसेना. पुन्हा टाकल्या, होकार. तिसऱ्यांदाही होकार. आनंदाच्या भरात त्यानं देवळाचा माईक सुरू केला आणि आजोबांना शेन रो-यी मनापासून आवडल्याचं गावाला जाहीर केलं.

सकाळी गावच्या बायका आजींसाठी पावडर आणि फुलं घेऊन आल्या, तर आजींची जागा रिकामी. थू काकांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी एका दमात झगा, मागची खोली, भिंत आणि तीन होकार, सगळं सांगून टाकलं. बायकांनी बेरीज केली. थोड्याच वेळात आजी जागेवर आल्या, आणि खानावळीतली उधारीवाली गिऱ्हाइकंसुद्धा समोरच्या फुटपाथनं जाऊ लागली. टायरवाल्याची बायको शिऊ-चिनला एवढंच म्हणाली, "वहिनी, तुमचे हे देवालासुद्धा बिघडवायला निघाले हो."

दुपारभर शिऊ-चिननं बदकं फार जोरात कापली.

दुसऱ्या दिवशी वाढदिवस. मिंग-तेचं नाव पुकारलं तेव्हा देवळात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पडल्या त्या फोडी, दोन्ही फुगीर बाजू वर करून. टायरवाल्याला दोन होकार मिळाले आणि तो आधीच हार घालायला वाकला. तेवढ्यात थू काकांनी पुढचं नाव वाचलं: शिऊ-चिन. यंदा आजींच्या पावडरीपुरती वर्गणी तिनं वेगळी भरली होती, हे तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. पहिला होकार. दुसरा. तिसऱ्याला टायरवाला सरळ झाला. सहाव्याला बायकांनी थाळ्या वाजवायला घेतल्या.

धूपपात्र काओंच्या घरी आलं. पुढे शिऊ-चिन, मागे छत्री धरून मिंग-ते. त्याचे डोळे भरून आले होते. आनंदानं की कशानं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मानकऱ्यानं पहिल्या संध्याकाळी आभाराचा सिनेमा लावायचा असतो. पडदावाल्याच्या गाडीत 'मिठागरातली सून'ची पेटी तेवढी उरली होती. मिंग-ते पेटीकडे पाठ करून उभा राहिला.

"लावा की," शिऊ-चिन म्हणाली. "सिनेमाचा काय दोष."

देवळापुढे या वेळी सगळ्या रांगा भरल्या. गावच्या साऱ्या बायका आल्या होत्या. शिऊ-चिननं लाल कागद टेबलावर पसरला, दौत जवळ सरकवली आणि स्टूल ओढून नवऱ्याच्या कोपराला कोपर लावून बसली.

"लिहा तुमचा अभिप्राय. मी आहे इथंच, सावकाश लिहा."

मिंग-तेनं कुंचला उचलला. एकदा गाभाऱ्याकडे पाहिलं, जिथे आजोबा आजींच्या शेजारी सरळ समोर बघत बसले होते. मग त्यानं लिहिलं: "सिनेमा ठीक आहे. सासूचं काम करणाऱ्या बाई फार छान. नायिका कोण होती, लक्षात नाही."

शिऊ-चिननं कागद वाचला, आत नेऊन आजींना वाचून दाखवला आणि दाराशी चिकटवला. त्या दिवशी कौल लावायची कोणाला गरज वाटली नाही.