धुण्याचं मशीन आणि अनुनाद

मास्तरांच्या मते पुस्तकातलं इंजिनिअरिंग म्हणजे सुकलेली भाजी. ताजा माल घरात असतो! म्हणून अनुनाद शिकवायला त्यांनी वर्ग थेट आपल्या घरी भरवला. त्यांचं कपडे धुण्याचं मशीन पिळायला लागलं की असं थरथरायचं, की जागा सोडून चालत सुटायचं.

"फिरण्याचा वेग आणि यंत्राची स्वतःची लय जुळली की हे असं होतं. एकदा बघा, जन्मात विसरणार नाही," मास्तर म्हणाले. बघायला खुद्द प्राचार्य आले होते. मास्तरांना नोकरीत कायम करायचं की नारळ द्यायचा, हे ते आज ठरवणार होते.

मशीन सुरू झालं. फिरलं, पिळलं, थांबलं. तसूभरही हललं नाही.

"अहो, मी सकाळीच त्याच्या पायाखाली पुठ्ठा सारला," बायको कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली. "चारचौघांत शोभा नको म्हणून."

प्राचार्य घड्याळ बघत हात धुवायला न्हाणीघरात गेले. तेवढ्यात मास्तरांनी पुठ्ठा ओढून काढला, एक जाडजूड ओलं पांघरूण आत कोंबलं आणि बटण दाबलं.

या वेळी मशीनने लाज राखली. आधी कुरकुरलं, मग थडथडलं, मग रुसलेल्या जावयासारखं तरातरा निघालंच! पोरं टाळ्या पिटत मागे सरली. न्हाणीघरापाशी वायर ताणली, प्लग निसटला आणि ते धूड नेमकं दाराला टेकून गप्प झालं.

"दार उघडत नाहीये," आतून आवाज आला.

मास्तर धावले. बायकोने त्यांना मनगटाला धरून थांबवलं आणि स्वतःच बोलली.

"उघडतो हं, सर. तोवर नोकरीचं काय ठरलं, तेवढं सांगा ना."

"बाई, आधी दार उघडा."

"मशीन फार जड आहे हो. आणि काळजीने यांच्या अंगात त्राणच उरलेलं नाही."

आत नळ ठिबकत राहिला.

"सहा महिने वाढवून देतो."

"सहा महिन्यांपुरतं ढकलायचं, तर दार थोडंसंच उघडेल."

"बरं बाई, कायम!"

पोरांनी मशीन हटवलं. प्राचार्य केस सारखे करत बाहेर आले. मास्तरांची छाती फुगली.

"कायमचं पत्र उद्या मिळेल," प्राचार्य म्हणाले. "कॉलेजच्या ठेकेदारांशी घासाघीस करायला असं माणूस मी कधीचा शोधतोय. बाई, सकाळी दहाला या."

"आणि मी?" मास्तरांनी विचारलं.

"तुमचं पुढच्या वर्षी बघू."

मशीन परत जागेवर न्यायला मास्तरांनी खांदा लावला. हात द्यायला कुणी आलं नाही. सगळे बाईंचं अभिनंदन करत होते.